दादाचा खाडा

कोल्हापूरच्या संगम फुटसाल क्लबनं राष्ट्रीय व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात दिमापूरला २–१ असं हरवलं. शेवटच्या क्षणी दिमापूरला दहा मीटरवरून थेट फटका मिळाला होता. आमचा गोलरक्षक इंद्रजित मगदूम यानं उजवीकडं झेप घेऊन तो अडवला. पेठेत गुलाल उडाला, डॉल्बी लागला, एका म्हशीच्या शिंगांना क्लबचे रंग फासण्यात आले.

आता हे सगळं घडलंच नाही असं धरून चालू. ते फारसं अवघड नाही. त्या दिवशी दिमापूरचा संघ दिमापुरात होता, आमचा कोल्हापुरात होता, आणि इंद्रजित मगदूम, म्हणजे माझा दादा, जाऊन काही महिने झाले होते. म्हैस तेवढी खरी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुटसाल म्हणजे छपराखाली, लाकडी फरशीवर, पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल. कोर्ट लहान, चेंडू जड आणि कमी उसळणारा. मोठ्या फुटबॉलला पाऊस आहे, वारा आहे, चिखल आहे. क्रिकेटला दव आहे, खेळपट्टी आहे आणि वर नाणेफेक आहे. फुटसालला यातलं काहीच नाही. दहा माणसं, एक चेंडू, एक छप्पर. त्यामुळं कुठला खेळ पुढं कसा जाणार हे यंत्राला कळायला लागलं, तेव्हा पहिला नंबर आमचा लागला.

त्या यंत्रणेचं नाव ‘पूर्वखेळ’. प्रत्येक खेळाडूनं अंगाला घट्ट बसणारी एक बंडी घालायची. बंडीत केसाएवढे बारीक संवेदक असतात. स्नायू आकसण्याआधी त्यातून जी वीज धावते ती ते टिपतात. श्वास टिपतात, ठोके टिपतात, झोपसुद्धा टिपतात. कोर्टवरचे कॅमेरे हालचाल बघतात. या सगळ्यावरून त्या माणसाची एक प्रतिकृती तयार होते. त्यात नुसता वेग आणि ताकद नसते, सवयी असतात. समोरून फटका आला की हा किती वेळ थांबतो, बिचकला की कुठला पाय आधी टाकतो, चूक झाली की कुणाकडं बघतो. मग दहा प्रतिकृती एका काल्पनिक कोर्टवर सोडायच्या आणि तोच सामना लाखभर वेळा खेळवायचा. बहुतेक वेळा एकच निकाल येत असेल तर खरा सामना खेळायचा कशाला? निकाल ‘घोषित’. लाखातला सगळ्यात नमुनेदार सामना निवडून त्याची चित्रफीत टीव्हीवर.

पहिल्या वर्षी लीगनं यंत्रणेचे निकाल आणि खरे निकाल शेजारीशेजारी लावून पाहिले. दोन्ही सारखेच यायला लागले तेव्हा पुढच्या वर्षापासून खरे लावायचे बंद केले. आम्ही सकाळी सराव करायचो, बंडीत घाम गाळायचो आणि संध्याकाळी घरी बसून स्वतःला खेळताना बघायचो.

याची सवय व्हायला थोडा वेळ लागला. आमच्या पिंट्या सुताराचा गुडघा कोझिकोडेच्या घोषित सामन्यात मुरगळला. क्लबच्या डॉक्टरांनी त्याच्या धडधाकट गुडघ्याला पट्टी बांधली, पिंट्या नियमाला धरून लंगडला, आणि काही दिवसांनी त्याला खरंच दुखायला लागलं. मला मडगावच्या सामन्यात पंचांना शिवी दिली म्हणून लाल कार्ड मिळालं. सामन्याच्या वेळी मी मंडईत होतो. मी तणतणत घरी आलो. दादा पायरीवर बसून हातमोजे उन्हात वाळवत होता.

“शिवी दिलीस का न्हाई?”

“दादा, मी वांगी घेत होतो.”

“वांगी घेताना दिलीस का?”

“दिली. भाव ऐकून.”

“मग बरोबर हाय की मशीन,” दादा म्हणाला आणि मोजा उलटा करून परत वाळत घातला.

दादाची एक खोड होती. गोलरक्षक दोन जातीचे असतात. बहुतेक जण अंदाज बांधतात आणि चेंडू सुटायच्या आधीच एका बाजूला झेपावतात. दादा थांबायचा. समोरच्याच्या पायातून चेंडू सुटेपर्यंत जागचा हलायचा नाही. त्यामुळं त्याला फसवता येत नसे, भलेभले त्याच्यासमोर येऊन चेंडू त्याच्या हातात देऊन जायचे. पण उजव्या कोपऱ्यातला खालचा जोरकस फटका त्याला कधीच सापडला नाही. तो तिथं पोहोचायचा, पण चेंडू पोहोचून गेल्यावर. हे सगळ्या लीगला माहीत होतं. मी बचावफळीत. माझं बरोबर उलटं, चेंडू निघायच्या आधी मी निघालेला.

“जरा आधी उडायला काय हुतंय तुला?” मी एकदा विचारलं.

“त्यानं अजून ठरवलं नसतंय रं, बारक्या. त्याच्या आधी आपणच ठरवायचं म्हंजे त्याचा अपमान न्हाई का?”

माझ्या चुकीनं गोल झाला की तो गोल सोडून पुढं यायचा, माझ्या डोक्यात मागून एक टपली मारायचा आणि न बोलता परत जागेवर जायचा. बास. शिवी नाही, समजूत नाही.

उसाच्या हंगामात एका धुक्याच्या सकाळी तो कागलहून मोटारसायकलवरून येत होता. पुढं उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं रिफ्लेक्टर नव्हता. शेवटपर्यंत थांबणाऱ्या माणसाला त्या दिवशी थांबायला जागा मिळाली नाही.

त्याच संध्याकाळी मडगावविरुद्धचा निकाल घोषित झाला. आम्ही जिंकलो होतो. दादानं एकही गोल होऊ दिला नव्हता. सामनावीर इंद्रजित मगदूम.

ते मानचिन्ह घेऊन कुरिअरवाला आला तेव्हा घरात सुतकाची माणसं बसली होती.

“इंद्रजित मगदूम?”

“गेले,” मी म्हणालो.

“कधी येतील? सही त्यांचीच लागती.”

आतून आईचा आवाज आला, “पाणी दे रं त्याला. उन्हातनं आलाय.”

लीगकडून त्याच दिवशी दोन निरोप आले. पहिल्यात अध्यक्षांनी तीव्र दुःख व्यक्त केलं होतं. दुसरा गणन विभागाचा होता. सामने प्रत्यक्ष होत नसल्यानं खेळाडूची प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक नाही, श्री. मगदूम यांची नोंदणी हंगाम संपेपर्यंत वैध आहे, असं त्यांनी कळवलं होतं. एकच अट होती. बंडीतून महिनाभर काहीच माहिती आली नाही तर खासगीपणाच्या कायद्यानुसार प्रतिकृती कायमची पुसली जाईल. म्हणजे खेळाडू जिवंत नसला तरी चालत होतं. त्याचा श्वास तेवढा वेळेवर यायला हवा होता.

आणि आई बघत होती.

पुढचा घोषित सामना लागला तेव्हा मी टीव्ही बंद करायला उठलो, तर तिनं रिमोट पदराखाली घेतला. पडद्यावर दादा गोलमध्ये उभा होता, गुडघ्यांवर हात ठेवून. आई पुढं सरकून बसली.

“वाळलाय जरा,” ती म्हणाली.

“आई, ते चित्र आहे.”

“चित्र वाळत न्हाई व्हय?”

जुन्या खऱ्या सामन्यांच्या चित्रफिती आहेत की घरात, असं मी तिला सांगून पाहिलं. त्या लावून देतो म्हणालो.

“त्यात पुढं काय हुतंय ते मला ठावं हाय,” ती म्हणाली. “हितं ठावं न्हाई. म्हणून बघतीया.”

मी परत तिच्या शेजारी बसलो.

मुबारक वस्ताद घरी आले ते या सुमारास. लीगच्या कागदावर ते आमचे मुख्य प्रशिक्षक. पेठेत मात्र वस्ताद, कारण आमचा क्लब मुळात एका तालमीतून निघाला आणि ती तालीम त्यांच्या वाडवडिलांनी सांभाळली. आमच्या तालमीत एक रीत आहे. कुणी आजारी पडला, गावाला गेला, तर त्याच्या व्यायामात खाडा पडतो. पण त्याचा भाऊ किंवा जोडीदार त्याच्या वाटणीच्या जोर-बैठका आपल्या अंगावर घेऊ शकतो. आधी आपल्या काढायच्या, मग त्याच्या, आणि त्याच्या काढताना त्याचं नाव घ्यायचं. त्याला खाडा भरणं म्हणतात. असा भरलेला खाडा वस्ताद धरत नाहीत. लग्नात, बाळंतपणात, जेलमध्येसुद्धा लोकांचे खाडे भरले गेलेत.

वस्ताद माझ्या आईसमोर बसले, चहा घेतला, आणि पिशवीतून दादाची बंडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. ती धुऊन घडी केलेली होती.

“बारक्या, भावाचा खाडा भरायचा.”

एवढंच. हे खोटं आहे, लबाडी आहे, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात आलं असतं. आम्हाला ते चहाइतकं साधं वाटलं.

मग माझा दिनक्रम असा झाला. पहाटे दादाची बंडी घालून गोलमध्ये उभा राहायचो, वस्ताद फटके मारायचे. न्याहारी झाली की स्वतःची बंडी घालून बचावफळीत. झोपताना दोन्ही. पहिल्या सकाळी गोलमध्ये उभं राहून मी मोठ्यानं म्हणालो, “इंद्रजित मगदूम.” वस्ताद म्हणाले, “हं.” आणि पहिला चेंडू मारला. मी अर्थातच आधीच उडालेलो होतो. चेंडू दुसऱ्या बाजूनं आत गेला.

“थांब की जरा. तो थांबायचा.”

“प्रयत्न करतोय, वस्ताद.”

खरंच केला. पण थांबणं ही करायची गोष्ट नसते. मी थांबायचो म्हणजे मनात आधीच उडून झालेलं असायचं आणि अंग मागं राहिलेलं असायचं. बंडीला मनातलं आधी कळतं.

तरी पडद्यावर सगळं छान चाललं होतं. छान म्हणजे आम्ही जिंकायला लागलो. आयझॉलला हरवलं, कोझिकोडेला हरवलं. समालोचक म्हणायला लागले की मगदूम यांच्या खेळात नवी धार आली आहे, वयाच्या या टप्प्यावर अशी सुधारणा दुर्मीळ आहे. दुर्मीळ होतीच. वर्तमानपत्रात ‘इंद्रजितचा पुनर्जन्म’ असा मथळा आला. खाली बारीक अक्षरात, ते हयात नाहीत याची नोंद घ्यावी, असं होतं.

आईनं बोलणं कमी केलं. सामना लागला की पुढं सरकायची ती हळूहळू मागं सरकून बसायला लागली. मग एकदा नागपूरच्या सामन्यात पडद्यावरच्या दादानं खांदा वर उचलून त्यावर नाक पुसलं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच क्षणी खांद्यावर नाक पुसत होतो.

तिनं टीव्ही बंद केला. स्वतःहून, पहिल्यांदा.

“माझ्या घरात एक पोरगं उरलंय,” ती म्हणाली. “ते आता दोन ठिकाणी दिसतंय. मग दुसरं कुठं गेलं?”

त्याच आठवड्यात लीगच्या गणन विभागातून श्रुती कामत नावाच्या बाई आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्या पायताणं बाहेर काढून आत आल्या, आईला नमस्कार केला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन अवघडून बसल्या.

“तुमच्या दोघा भावांचे झोपेतले ठोके एकसारखे येतायत,” त्या मला म्हणाल्या. “अगदी एकेक ठोका. कूस बदलणंसुद्धा एकत्र. एवढं भावाभावांचं प्रेम आमच्याकडं आधी नोंदलेलं नाही.”

“आमचं आहे तसं,” मी म्हणालो.

“समजलं,” त्या म्हणाल्या. “मी अजून वर कळवलेलं नाही.”

मी त्यांना खाड्याची रीत सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि आईला कळेल अशा बेतानं बोलायला लागल्या.

“मावशी, माणूस बदलत असतो. दुखापत होते, वय वाढतं. म्हणून आमची यंत्रणा नव्या माहितीला जास्त वजन देते आणि जुनी हळूहळू सोडून देते. ताकात रोज थोडं पाणी घालत राहावं तसं. रंग बराच वेळ ताकाचाच दिसतो. यांनी रोज बंडी घातली, तेव्हा यंत्रणेला वाटलं इंद्रजित बदलतोय. तिनं इमानदारीनं त्यांना बदललं.”

“किती उरलाय?” आईनं विचारलं.

“अर्ध्याहून कमी.”

“आधीचा ठेवला असंल की कुठंतरी. एवढं मशीन हाय तुमचं.”

“नाही ठेवत. माणसाच्या शरीराची जुनी माहिती साठवणं कायद्यानं गुन्हा आहे. ताजी तेवढी असते.” त्यांनी लॅपटॉप बाजूला ठेवला. “म्हणजे असं आहे. हे बंडी घालत राहिले तर इंद्रजित खेळत राहतील, पण ते इंद्रजित नसतील. घालायची थांबवली तर जे उरलंय ते आहे तसं राहील. पण महिनाभरच. मग पुसलं जाईल. महिना संपायच्या आत अंतिम सामना आहे, तेवढा मात्र ते खेळतील.”

आई उठून आत गेली. श्रुतीबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, “सॉरी.” मग जराशानं, “माझ्याकडं यापेक्षा चांगला पर्याय असता तर मी फोनवरच सांगितला असता.”

वस्तादांना हे सांगायला मी तालमीत गेलो. ते आखाड्याची माती खालीवर करत होते. ऐकून त्यांनी खोरं बाजूला ठेवलं. बंडी थांबवायला त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. त्यांनी क्लबचं नाव काढावं, पेठेची इज्जत काढावी, मग मला चिडता आलं असतं.

“आम्ही दुसऱ्याचा खाडा भरत आलो,” ते म्हणाले, “हजेरी त्याची लागायची. पण अंग कुणाचं तयार व्हायचं? भरणाऱ्याचं. एवढी वर्सं डोळ्यासमोर हुतं बघ. माझ्या ध्यानात न्हाई आलं.”

“आता काय करू?”

“ते मला इचारू नगंस. माझा तो गोलरक्षक हुता. तुझा भाऊ हाय.”

घरी आलो तेव्हा आई दादाची बंडी धूत होती. साबण लावून, हातानं, जोरात. ती पिळून तिनं दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि म्हणाली, “आता ही घालायची न्हाई.”

“आई, मग तो—”

“अर्धा तर अर्धा. पण त्याचा असू दे.”

मी बंडी घातली नाही. त्या महिन्यात पहाटे जाग यायची आणि उगाच हात रिकामे वाटायचे. अंतिम सामन्याआधी जे घोषित सामने झाले ते आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितले. आई पडद्यावरच्या दादाला निवडत बसायची, तांदूळ निवडावेत तसं. “हे तुझं,” ती म्हणायची. “हेबी तुझं. हे... थांब. न्हाई, हेबी तुझंच.” एकदा त्यानं चेंडू हातानं फेकायच्या आधी तो जमिनीवर एकदा टेकवला. “हे त्येचं,” ती म्हणाली आणि मग बराच वेळ आम्ही काहीच मोजलं नाही.

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी पेठेत मोठा पडदा लावला होता. आम्ही गेलो नाही. आईनं दार लावून घेतलं. पहिला गोल आमचा झाला. मग मी चूक केली. म्हणजे माझ्या प्रतिकृतीनं. दिमापूरच्या खेळाडूनं नुसता खांदा हलवला आणि मी नसलेल्या चेंडूमागं निघून गेलो. गोल. एक–एक.

पडद्यावर मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. मागून दादा आला. गोल सोडून, सरळ चालत. त्यानं माझ्या डोक्यात मागून एक टपली मारली आणि परत जागेवर गेला.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

ते मी शिकवलेलं असणं शक्यच नव्हतं. मी बंडी घालून फटके अडवले होते, धावलो होतो, झोपलो होतो. स्वतःच्या डोक्यात मागून टपली मारून घ्यायची सवय मला नाही. पाणी घालून घालूनही जेवढं पातळ झालं नव्हतं तेवढं ते होतं. त्याचं जे माझ्यासाठी होतं ते माझ्याकडून पुसलं गेलं नव्हतं.

“हाय,” आई म्हणाली. “हाय अजून.”

उत्तरार्धात आम्ही दुसरा गोल केला. मग अगदी शेवटी आमचा सहावा फाऊल झाला. फुटसालमध्ये सहाव्या फाऊलला समोरच्याला दहा मीटरवरून मोकळा फटका मिळतो, मधे बचावाची भिंत नसते. दिमापूरचा खेळाडू चेंडूमागं उभा राहिला. तो कुठं मारणार हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, अख्ख्या लीगला माहीत होतं. उजवा कोपरा, खाली, जोरात.

आई पुटपुटत होती, “थांब. थांब. थांब माझ्या राजा.”

त्याचा पाय मागं गेला. चेंडू सुटायच्या आधीच दादा उडाला. उजवीकडं, खाली, लांबलचक. चेंडू त्याच्या तळव्यावर आदळून बाहेर गेला.

पेठेतनं असा आवाज उठला की आमच्या मांडणीतली भांडी हलली. पडद्यावर सगळे दादाच्या अंगावर पडले होते. त्यात मीही होतो.

आईनं माझं मनगट सोडलं.

“चांगला अडवलास,” ती मला म्हणाली, आणि उठून भाकरी करायला गेली.

थोड्या दिवसांनी महिना भरला. श्रुतीबाईंचा फोन आला. झालं, एवढंच त्या म्हणाल्या. क्लबनं चषकाची मिरवणूक काढली. मला ट्रॅक्टरवर दादाचा फोटो धरून उभं केलं. लोक खालून ओरडत होते, काय अडवला, काय अडवला. मी मान हलवत होतो. दुसऱ्या दिवशी आईनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, तुला साहेबी भाषा येती, लिही. तिनं सांगितलं, मी साहेबी केलं, आणि आम्ही ते पाठवलं. ते असं:

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय व्यावसायिक फुटसाल लीग.

विषय: अंतिम सामन्याच्या निकालात दुरुस्ती होणेबाबत.

महोदय,

उपरोक्त सामन्याच्या अखेरीस गोलरक्षक श्री. इंद्रजित मगदूम यांनी दहा मीटरवरील फटका अडवल्याचे दाखवण्यात आले आहे. सदर फटका त्यांनी अडवलेला नाही. ते नेहमीप्रमाणे चेंडू सुटेपर्यंत थांबले होते व त्यानंतर योग्य दिशेने, परंतु उशिरा पोहोचले होते. याबाबत त्यांची आई व धाकटा भाऊ साक्ष देण्यास तयार आहेत.

तरी सदर गोल श्री. मगदूम यांच्यावर झाल्याची नोंद व्हावी, चषक परत घेण्यात यावा आणि सामना दोन–दोन असा बरोबरीत धरून नियमाप्रमाणे जादा वेळ मंजूर करण्यात यावा. त्या जादा वेळात गोलमध्ये श्री. इंद्रजित मगदूम यांनाच उभे करण्यात यावे, ही नम्र विनंती.

निकाल कोणताही लागला तरी अर्जदारांची हरकत राहणार नाही.